चटणी : तोंडीलावणें कीं अन्न ?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. मधल्या सुटींत मी आठवीच्या वर्गावरून जात असतां एक मुलगा आपल्या डब्याचें झांकण उभें धरून त्याच्या आडोशानें जेवीत असलेला दिसला. शेजारच्या मुलांच्या डब्यांत पोळीच्या गुंडाळ्या, शेवया, तळलेले बटाटे असें नाना प्रकारचें खाणें होतें. ह्याच्या डब्यांत ज्वारीच्या दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मला पाहतांच त्यानें झांकण अधिकच जवळ ओढलें. मीं त्यास कांहीं विचारिलें नाहीं, परंतु दुपारीं शास्त्राच्या तासाला पौष्टिक अन्नाचा पाठ चालू असतां त्यानेंच हात वर केला व म्हणाला, "बाई, चटणींत कांहीं असतें का हो? कीं ती नुसती भाकरी घशाखालीं उतरावी म्हणूनच असते ?" वर्ग हंसला. मला मात्र हंसूं आलें नाहीं, कारण त्या प्रश्नाचें नीट उत्तर मजपाशीं तयार नव्हतें. पाठाच्या पुस्तकांत डाळी, दूध, अंडीं, पालेभाज्या, फळें यांचीं नांवें होतीं, चटणीचें नव्हतें. "पुढल्या आठवड्यांत सांगेन," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. पुढल्या आठवड्यांत जें सांगितलें, तेंच कांहीं विस्तारानें येथें मांडीत आहें. कारण आपल्या शाळेंत येणारे कित्येक डबे याच प्रकारचे असतात, आणि ते भरून देणाऱ्या मातांसहि हा प्रश्न पडत असेल.

'चटणी' हा शब्द 'चाटणें' या क्रियापदापासून झाला आहे. पान वाढण्याच्या आपल्या जुन्या रीतींत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचें हीं डावीकडे वाढतात आणि भाज्या उजवीकडे. डावीकडील पदार्थ बोटानें चाखावयाचे, उजवीकडील पोटभर खावयाचे, असा त्यांतील संकेत. सणासुदीच्या पानाला तो शोभतो. परंतु शेतावर जाणाऱ्या माणसाच्या फडक्यांतील भाकरीस डावें-उजवें कोठलें ? तेथें चटणी आणि बुक्कीनें फोडलेला कांदा हीच भाजी व हीच आमटी. पवित्र शास्त्रांतील रूथची कथा आपण उपासनेच्या वेळीं ऐकिली आहे. सरवा वेंचावयास आलेल्या त्या परक्या मुलीला बवाजानें जेवणाच्या वेळीं जवळ बोलाविलें आणि आपल्या भाकरीचा तुकडा आंबट द्रवांत बुडवून खाण्यास सांगितलें. कापणीच्या उन्हांत राबणाऱ्याची कोरडी भाकरी कांहीं तरी तोंडीं लावल्यावांचून उतरत नाहीं, हें बेथलेहेमच्या शेतांतहि तितकेंच खरें होतें.

ज्या मिरचीवांचून आज आपणांस चटणीची कल्पनाहि करवत नाहीं, ती मूळची या देशाची नव्हे. तिचें माहेर मेक्सिको व दक्षिण अमेरिका. कोलंबस १४९२ मध्यें पलीकडच्या खंडाच्या बेटांस पोहोंचला, वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतास उतरला, आणि १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. त्यांच्याच गलबतांतून हें झाड आपल्या किनाऱ्यास लागलें. तत्पूर्वीं आपले पूर्वज तिखटासाठीं मिरीं, पिंपळी, आलें व मोहरी वापरीत. शेंगदाणाहि दक्षिण अमेरिकेचाच. म्हणजे सोलापूरची म्हणून जी शेंगदाण्याची चटणी आपण अभिमानानें पाहुण्यांपुढें ठेवितों, तिच्यांतील दोन्ही मुख्य जिन्नस समुद्र ओलांडून आलेले आहेत. तिळाचें तसें नाहीं. तो इथलाच आणि फार प्राचीन. (जुनें तेवढें आपलें आणि नवें तें परकें असें म्हणणाऱ्यांनीं एकदां स्वतःचें ताट तपासून पाहावें.)

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन नांवाच्या द्रव्यामुळें येतो. तें बियांत असतें अशी समजूत आहे. वस्तुतः बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात, त्या गरांत तें मुख्यत्वें तयार होतें. ज्या घरांत लहान मुलें आहेत त्यांनीं हा गर काढून टाकावा. मिरचीचा स्वाद राहतो आणि जाळ पुष्कळ कमी होतो. आपल्या जुन्या वैद्यकानें तिखटाची गणना सहा रसांत केली असली, तरी आजच्या शास्त्राप्रमाणें तिखट ही चव नव्हे. आपल्या जिभेंत व कातडींत उष्णतेची वर्दी मेंदूस देणारे सूक्ष्म ग्राहक आहेत. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढें ऊन पदार्थ लागला कीं ते जागे होतात. कॅप्सेसिन नेमकें त्यांसच चेतवितें. म्हणून थंडगार चटणी खाऊनहि तोंड भाजल्याचा भास होतो, कपाळास घाम फुटतो आणि नाक वाहूं लागतें. अमेरिकेंतील डेव्हिड ज्यूलियस व त्यांचे सहकारी यांनीं हा ग्राहक १९९७ मध्यें शोधून काढिला, आणि २०२१ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक ज्यूलियस यांस आर्डेम पॅटापूटियन यांजबरोबर मिळालें. पक्ष्यांच्या ग्राहकांवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाहीं. म्हणून पिंजऱ्यांतला पोपट मिरची मिटक्या मारीत खातो.

कॅप्सेसिन पाण्यांत विरघळत नाहीं, तेलातुपांत विरघळतें. तोंड पोळल्यावर जो मुलगा तांब्याभर पाणी पितो तो जाळ सगळ्या तोंडभर पसरवितो. त्यानें घोटभर दूध किंवा चमचाभर दही घ्यावें. ठेच्यावर कच्चें तेल ओतणें, चटणी दह्यांत कालविणें, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवणें, ह्या रीती आपल्या आज्यांनीं प्रयोगशाळेवांचून शोधून काढिल्या होत्या.

आतां मूळ प्रश्न : चटणींत अन्न किती ?

आपण त्या मुलाचाच डबा घेऊं. दोन भाकरींस सुमारे शंभर ग्रॅम ज्वारीचें पीठ लागतें असें धरिलें, तर त्यांत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनें असतात. शेंगदाण्यांत शंभरांस सुमारे पंचवीस भाग प्रथिनें आणि जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांश असतो. डब्यांत भरलेले तीन चमचे, म्हणजे अदमासें तीस ग्रॅम चटणी असेल आणि तींत पंचवीस ग्रॅम दाणे असतील, तर त्यांतून सहा ग्रॅम प्रथिनें मिळतात. एका कोंबडीच्या अंड्यांतहि साधारण तितकींच असतात. शिवाय शंभराहून अधिक कॅलरींची शक्ति मिळते ती वेगळीच. झांकणाआड लपविलेल्या त्या डब्यांतील प्रथिनांपैकीं एक तृतीयांशाहून अधिक चटणींतून येत होतीं. हा हिशेब मीं फळ्यावर मांडला तेव्हां वर्गांत कोणी हंसलें नाहीं.

परंतु येथें दोन गोष्टी प्रांजळपणें सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, हा सारा हिशेब दाण्यांचा आहे. लाल तिखट, मीठ आणि तेल कालवून जी चटणी होते, तींत भाकरी उतरविण्याचा गुण आहे. शरीर बांधण्याजोगें तींत जवळजवळ कांहीं नाहीं. आणि दाण्याची चटणीहि बोटाला लागेल एवढीच घेतली, तर तिचा उपयोग बोटापुरताच. चटणी अन्न ठरते कीं केवळ तोंडीलावणें, हें तिच्यांत दाणा किती आणि मिरची किती यावरून ठरतें. महागाई झाली कीं घरांत दाणे कमी व तिखट जास्त पडूं लागतें. हा फरक जिभेला चटकन् कळत नाहीं, उलट चटणी अधिक झणझणीत झाली असेंच वाटतें. आणि ज्याचें वाढीचें वय आहे त्याच्या पोटांत मात्र रोज थोडें कमी जातें.

दुसरी गोष्ट प्रथिनांच्या प्रतीची. प्रथिनें अनेक अमिनो आम्लांची बनलेलीं असतात, व त्यांपैकीं कांहीं शरीरास स्वतः तयार करतां येत नाहींत. ज्वारी-बाजरींत लायसीन नांवाचें असें एक आम्ल कमी पडतें. दुर्दैवानें शेंगदाण्यांत व तिळांतहि तें पुरेसें नाहीं. तें भरपूर असतें डाळींत. म्हणून दुपारीं चटणी-भाकरी झाली असेल, तर रात्रीं वाटीभर वरण, पिठलें किंवा मटकीची उसळ असावी. आणि चटणी कुटतांनाच तींत मूठभर पंढरपुरी डाळें घातलें तर थोड्या खर्चांत बरेंच साधतें. चटणीमुळें डाळीची गरज संपते असें माझें म्हणणें कोणी समजूं नये.

शेंगदाण्याच्या मानानें तीळ, जवस व कारळे यांच्या चटण्या आतां मागें पडत चालल्या आहेत, याचें मला वाईट वाटतें. शंभर ग्रॅम सालीसकट तिळांत सुमारे हजार मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तितक्याच दुधांत तें सव्वाशेच्या आंतबाहेर असतें. हा आंकडा पाहून कोणी दूध मात्र बंद करूं नये, कारण तिळाच्या सालींत ऑक्झॅलेट आहे व तें कॅल्शियमचा बराच भाग शरीरास लागूं देत नाहीं. शिवाय पेलाभर दूध सहज पितां येतें, पेलाभर तीळ कोण खाणार? तरीहि ज्या घरीं दूध रोज येत नाहीं तेथें तिळाची चटणी मोलाची आहे. जवसांत शंभरांस चाळीस भाग तेल असतें, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-तीन जातीच्या अशा एका स्निग्धाम्लाचा असतो, कीं जें शरीरास बनवितां येत नाहीं आणि आपल्या नेहमींच्या तेलांतून फारसें मिळत नाहीं. मात्र जवस अख्खा गिळला तर त्याचें चिवट टरफल न फुटतां तो तसाच बाहेर पडतो. तो भाजून कुटलाच पाहिजे, म्हणजे त्याची चटणीच केली पाहिजे. कुटल्यावर त्याचें तेल हवेनें लवकर खवट होतें. म्हणून ही चटणी आठवड्यापुरतीच करावी. कारळे दिसण्यांत काळे म्हणून शहरांतील मुलें नाक मुरडतात. आमच्या नाशिककडील डोंगराळ मुलखांत तें गरिबांचें पीक आहे आणि त्याच्या चटणीला जो खमंगपणा येतो तो दुसऱ्या कशाला येत नाहीं, असें माझें मत आहे. तें पक्षपाती असेल, पण बदलणार नाहीं.

ओल्या चटण्यांचें कार्य निराळें. कोथिंबीर, पुदिना, कढीलिंब, हिरवी मिरची, कैरी, लिंबू हीं न शिजवितां पोटांत जातात, हाच त्यांचा मोठा गुण. कारण क जीवनसत्त्व उष्णतेनें नाश पावतें. या जीवनसत्त्वाशीं मिरचीचा जवळचा संबंध आहे. हंगेरींतील शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांस हें द्रव्य अभ्यासासाठीं पुरेसें मिळेना. सेगेद येथें असतां त्यांनीं मिरचीच्याच जातीच्या तेथील पापरिकेंतून तें मोठ्या प्रमाणांत काढिलें, आणि १९३७ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. क जीवनसत्त्वाचें एक काम असें, कीं धान्यांतील, डाळींतील व पालेभाजींतील लोह शरीरांत शोषलें जाण्यास तें मदत करितें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकीं सुमारे ५९ मुलींत रक्तक्षय आढळला. मी माझ्या वर्गावर नजर फिरवितें तेव्हां हा आंकडा मला आठवतो. बाजरीच्या भाकरीबरोबर लिंबू पिळलेली हिरवी चटणी असणें आणि जेवणाबरोबर चहा नसणें, एवढ्यानें रक्तक्षय बरा होत नाहीं, त्यास वैद्याचा सल्ला व औषध हवें. पण जें लोह पानांत आहे त्याचा अधिक भाग अंगीं लागतो. चहा त्याच्या उलट करितो. ओल्या चटणींत खोबरें किंवा दाणे असावे, म्हणजे त्यांच्या स्निग्धांशाबरोबर पानांतील कॅरोटीनहि शोषलें जातें. त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवितें.

काटकसरीच्या दृष्टीनेंहि ओली चटणी पाहण्यासारखी आहे. दोडक्याच्या शिरा, दुधीच्या साली, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या हें सर्व शहरांत केराच्या टोपलींत जातें. शिरा तेलावर कुरकुरीत परतून त्यांत तीळ, मिरची व मीठ घालून वाटावें. कोंकणच्या किनाऱ्यावर सुका जवळा भाजून खोबरें, मिरची व चिंच यांसह चटणी करितात. गोव्यांत त्याच वळणाच्या पदार्थास किसमूर म्हणतात. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेविलेल्या असतां समुद्रानें दिलेलें अन्न अशा रीतीनें पानांत येतें. आणि चटणीचा उपयोग केवळ पानाच्या कडेला नाहीं. दाण्याची चटणी वांग्यांत भरतां येते. कारळ्याची गवारीच्या भाजीवर शेवटीं भुरभुरतां येते. लसूण-खोबऱ्याची चटणी पाण्यांत कालवून फोडणीस टाकिली, कीं अवेळीं आलेल्या पाहुण्यास दहा मिनिटांत रस्सा वाढतां येतो.

आतां धोक्यांविषयीं. बाजारांतून स्वस्त म्हणून आणिलेले आखडलेले, काळपट, बुरशीचे दाणे पुष्कळदां चटणीसाठींच वापरले जातात, कारण तिखट-लसणांत त्यांचा कडवटपणा लपतो. ही चूक फार वाईट. १९६० मध्यें इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात् मेले. शोध करितां कारण निघालें तें त्यांच्या खाद्यांतील बुरसलेली शेंगदाण्याची पेंड. त्या बुरशीच्या विषास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. तें यकृतास घातक आहे, आणि घरच्या तव्यावर भाजल्यानें पुरतें नाहींसें होत नाहीं. दाणे निवडतांना असा एकहि दाणा ठेवूं नये. चिंच-लिंबाची चटणी कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ठेवूं नये. ती कळकते व बाधते. पोटांतील व्रण मिरचीनेंच होतो ही समजूत मात्र मागें पडली आहे. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनीं त्यास कारण होणारा एक जंतु दाखवून दिला आणि २००५ चें नोबेल पारितोषिक मिळविलें. तथापि ज्यास आधींच जळजळ होते त्यानें तिखट बेतानें खावें. मिठाचें तसेंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसानें दिवसांत पांच ग्रॅमपेक्षां कमी मीठ खावें. तें आपण एका चहाच्या चमच्यांत संपवितों.

हा सर्व विषय झाल्यावर आम्हीं वर्गांतच चटणी केली. भाजून सोललेले शेंगदाणे २०० ग्रॅम, डाळें ५० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, एक चमचा जिरें, दोन चमचे लाल तिखट आणि सपाट चमचाभर मीठ, असें प्रमाण मुलांनींच ठरविलें. दाणे भाजले, सोलले आणि तसेच गरम मिक्सरमध्यें घातले. चटणीचा तेलकट गोळा झाला. चवीला वाईट नव्हती. मुलांनीं शाबासकी दिली आणि उरलेली आम्हीं बरणींत भरून ठेविली.

पुढें पालकसभेस त्या मुलाची आई आली. मुलानें घरीं सर्व सांगितलें होतें. मीं तिला ती बरणी दाखविली. तिनें चिमूटभर चटणी तळहातावर घेतली, हुंगली आणि संकोचानें म्हणाली, "बाई, राग मानूं नका, पण दाणे पुरते गार होऊं द्यावे, मग कुटावे. मिक्सर असला तर थांबून थांबून फिरवावा. आणि लसूण ओला असतो. तो सालीसकट तव्यावर परतून त्याचें पाणी आटवावें लागतें, नाहींतर चटणी टिकत नाहीं." तीळ व डाळें आधीं निराळे कुटून घ्यावे आणि दाणे शेवटीं घालावे, हेंहि तिनेंच सांगितलें. आमची ती बरणी बाराव्या दिवशीं टाकून द्यावी लागली. तिच्या रीतीनें केलेली दुसरी तीन आठवडे चांगली राहिली, आणि ती संपली तीहि मधल्या सुटींत, मुलांनीं मागून नेल्यामुळें.